दहा स्लाइसचा साचा

मी ब्रेडचा साचा बोलतोय. आश्चर्य वाटून घेऊ नका. आजवर बोललो नाही, कारण रोज पहाटे माझ्या तोंडात पीठ भरलं जायचं आणि ते भाजून बाहेर पडेपर्यंत पुढचं तयार असायचं. आता मला दुसरं काही काम राहिलेलं नाही. शिवाय मनात एक गोष्ट अडकून बसली आहे, ती कुणाला तरी सांगून टाकावी म्हणतो.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. जन्म कसला, काळ्या पत्र्याचा तुकडा कापला, चारी बाजूंनी वाकवला, कोपऱ्यांत रिवेट ठोकले आणि झालो मी तयार. आम्ही अठ्ठेचाळीस भावंडं एकाच दिवसाची. एकाच हातगाडीवरून खडखडत बेकरीत आलो. थोरल्या मालकांनी आम्हाला एकेक करून हातात घेतलं, आतून बोटं फिरवली आणि लांबी पाहिली. त्यांचा हिशेब साधा होता. एका ब्रेडचे दहा स्लाइस, प्रत्येक स्लाइस अंगठ्याएवढा जाड, आणि दोन स्लाइस खाल्ले की हमालालाही दुपारपर्यंत भुकेची आठवण होऊ नये.

त्या काळी आमची ऐट काय वर्णावी! भट्टीतून बाहेर आलो की अख्ख्या गल्लीला वास जायचा. दुकानाबाहेर रांग लागायची. त्या रांगेत गवंडी असत, बसचे कंडक्टर असत, धुणं-भांडी करणाऱ्या बायका असत, आणि कधीकधी एखादा साहेबही गाडी कडेला लावून उभा असे. सगळ्यांना ब्रेड एकच मिळायचा. तो यंत्रात ठेवला की अकरा पाती एका दमात खाली यायची आणि टोकांच्या दोन कडा बाजूला पडून मधे बरोबर दहा स्लाइस उभे राहायचे. लोक ब्रेड वजनावर घेत नसत. 'दहाचा ब्रेड' द्या म्हणत.

मला खरी माया लावली ती मावशींनी. बेकरीत साच्यांना तेल लावण्याचं काम त्यांचं. दोन बोटांना चिंधी गुंडाळायची, तेलात बुडवायची, आधी कोपरे, मग लांब बाजू आणि शेवटी दोन्ही टोकं. अठ्ठेचाळीस साचे दिवसातून तीनदा. हात चालू असायचा आणि तोंडही. भट्टीवर काम करणारे भाऊ समोरच उभे असत, त्यामुळे मावशींच्या घरातलं पान हललं तरी ते भाऊंना आणि पर्यायाने आम्हा अठ्ठेचाळीस जणांना कळायचं. नवरा वारल्यावर त्यांनी एकुलत्या एक लेकीला याच कामावर वाढवलं होतं. रोजीशिवाय बेकरीतल्या प्रत्येक माणसाला दररोज एक ब्रेड घरी न्यायला मिळे. मावशी तो पदराखाली झाकून नेत, जणू कुणाची दृष्ट लागेल.

थोरले मालक गेले आणि गल्ला धाकट्या मालकांकडे आला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडाल. पण त्यांच्या नशिबी दिवस वाईट आले. मैदा महागला. मग जळण महागलं. मग वीज, मग तेल, मग जागेचं भाडं. रोज सकाळी फोनवर बोलताना त्यांचा आवाज चढायचा आणि फोन ठेवला की ते बराच वेळ कपाळ चोळत बसायचे. स्वतःची गाडी विकून ते पायी यायला लागले.

एकदा त्यांनी भाव थोडासा वाढवून पाहिला. त्या दिवशी रांगेतल्या निम्म्या लोकांनी खिसे चाचपले आणि काही न घेता माघारी फिरले. एका गवंड्याने तर हातात घेतलेला ब्रेड पुन्हा फळीवर ठेवला. ठेवताना त्याने तो नीट सरळ करून ठेवला, ते मला अजून दिसतं. संध्याकाळी शिळे ब्रेड उरले. दुसऱ्या दिवशी मालकांनी भाव पुन्हा होता तिथे आणला आणि पत्रेवाल्याला बोलावणं धाडलं.

पत्रेवाल्याने माझ्या एका टोकाला आतून एक आडवा पत्रा बसवला. फार नाही, दोन बोटं आत. तेवढं पीठ कमी. मग मालकांनी कापायच्या यंत्राची पाती थोडी जवळ-जवळ करून घेतली. ब्रेड आखूड झाला, पण स्लाइस दहाचे दहाच राहिले. लोकांनी मोजून पाहिले, भरले, आणि खूश होऊन गेले. 'एवढ्या महागाईत आमच्या बेकरीवाल्याने भाव वाढवला नाही हो,' असं कौतुकही झालं. मला त्या कौतुकाने आतून खरवडल्यासारखं झालं. खोटेपणा माझ्या पोटात होता आणि मी तो रोज तीनदा भाजून बाहेर देत होतो.

दीड वर्षाने दुसरा पत्रा आला. पुन्हा दोन बोटं. पाती पुन्हा जवळ. स्लाइस पुन्हा दहा.

याच सुमाराला दुकानाच्या वरच्या बाजूला मालकांनी काचेचं एक नवीन काउंटर केलं. तिथे तिळाचा, जवसाचा, अक्रोडाचा ब्रेड ठेवला. त्यांचे साचे वेगळे, चकचकीत आणि पोट भरून लांब. त्यांच्यात कुणी पत्रा बसवला नाही. बसवायची गरजच नव्हती. त्या ब्रेडचा भाव वर्षात तीनदा वाढला आणि घेणाऱ्यांपैकी एकानेही पाटीकडे मान वर करून पाहिलं नाही. उलट महागाईबद्दल सर्वांत जास्त बोलणं त्याच काउंटरवर चालायचं. या वर्षी फिरायला परदेशी जाणं रद्द करून जवळपासच जाणार आहोत, असं एक बाई फार दुःखाने सांगत होत्या. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. माणसाची जी सवय मोडते, तिचं त्याला दुःख होतंच. खालच्या रांगेत मात्र आता महागाई हा शब्दही ऐकू यायचा नाही. तिथे लोक नुसते येईनासे होत. कंडक्टर रोज यायचा तो एक दिवसाआड यायला लागला. दोन ब्रेड नेणारी बाई एक नेऊ लागली.

आता मी मुद्द्यावर येतो.

मावशींच्या लेकीला दिवस गेले. जावई दूरच्या गावी ट्रक चालवायचा. पैसे पाठवायचा, पण ते पोचेपर्यंत त्यांची किंमत उतरलेली असायची. लेक बाळंतपणासाठी आईकडे आली. मावशींच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की तेल लावता लावता त्या आम्हालाही थोपटायच्या. रोजचा ब्रेड घरी नेला की सहा स्लाइस लेकीला, चार स्वतःला. शिवाय लेकीला रोज एक अंडं. दूध परवडायचं बंद झालं होतं.

पाचव्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं की बाळ वाढत नाही. तिथे भिंतीवर आहाराचा जुना तक्ता होता, त्यावर ब्रेडच्या स्लाइसचं चित्र होतं आणि गरोदर बाईने दिवसाला किती खावेत त्याचा आकडा होता. सिस्टरने विचारलं, किती स्लाइस खाते? मावशींनी अभिमानाने सांगितलं, सहा. तक्त्यात पाचच होते. मग सिस्टर म्हणाल्या, खाणं तर पुरेसं आहे, दोष दुसरीकडेच असणार. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आणि ताकदीच्या औषधाची मोठी बाटली. बाटली महाग होती. ती घेता यावी म्हणून मावशींनी लेकीचं रोजचं अंडं बंद केलं.

हे सगळं त्या भाऊंना सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांची बोटं माझ्या आतल्या पत्र्यावरून फिरत होती. त्याच पत्र्यावरून, ज्याच्यामुळे सगळं घडत होतं. मला ओरडावंसं वाटलं. पत्र्याला ओरडता येत नाही. फार तर तापल्यावर कडकड वाजतो.

भाऊ हातातला लांब दांडा टेकवून उभे राहिले. मग त्यांनी एक स्लाइस उचलला आणि मावशींच्या अंगठ्याशेजारी धरला.

"मावशी, हे बघा. पूर्वी स्लाइस तुमच्या या अंगठ्याएवढा असायचा. तुम्ही सहा देताय, पण पूर्वीचे चारच देताय."

मावशी स्लाइसकडे बघतच राहिल्या. अठ्ठेचाळीस साच्यांत त्यांनी स्वतः दिवसातून तीनदा तेल फिरवलं होतं. प्रत्येक पत्रा बसताना त्या हजर होत्या. तरीही घरी गेल्यावर त्या स्लाइसच मोजत होत्या, कारण जन्मभर तेच मोजत आल्या होत्या.

"हाताला माहीत होतं रे भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "मला नव्हतं."

त्या दिवसापासून त्यांनी लेकीला आठ स्लाइस द्यायला सुरुवात केली आणि स्वतः दोनांवर आल्या. बाटली मात्र अर्धी संपली होती आणि उरलेली परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. आठवड्याने मावशी धीर करून मालकांसमोर उभ्या राहिल्या आणि बाळंतपणापर्यंत रोज एक ब्रेड जास्त मागितला. मालक अवघडले. एकीला दिला तर बेकरीतल्या नऊही जणांना द्यावा लागेल आणि नऊ ब्रेड रोज गेले तर बेकरीच बसेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. तेही खोटं नव्हतं. त्यांनी कापताना पडणाऱ्या कडा मावशींना न्यायला सांगितल्या. चार-सहा दिवस त्या कडा मिळाल्या. मग एका हॉटेलवाल्याने कडांचा चुरा विकत मागितला, आणि कडाही वजनावर जाऊ लागल्या.

मावशी आता लेकीला दहाही स्लाइस देत होत्या. त्या स्वतः काय खात होत्या ते मला माहीत नाही. भाऊ आपल्या डब्यातलं काही त्यांच्यापुढे सरकवायचे आणि त्या नको नको म्हणत थोडं घ्यायच्या. भाऊंच्या डब्यातही आताशा फारसं काही नसायचं.

सातव्या महिन्यात मैद्याचा भाव पुन्हा उसळला आणि पत्रेवाला तिसऱ्यांदा आला.

ती सकाळ मी विसरू शकत नाही. पत्रेवाल्याला साचे धरायला कुणीतरी हवं होतं. भाऊ भट्टीवर गुंतले होते, म्हणून मालकांनी मावशींना बोलावलं. त्या खाली बसल्या, मला दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलं, आणि पत्रेवाल्याने हातोडी उचलली तेव्हा त्या मालकांकडे वळल्या.

"मालक, या वेळी पत्रा नको. लेकीला आता दहाच्या दहा देतेय. याच्यापुढे द्यायला माझ्याकडे स्लाइस नाहीत."

मालकांनी तोंड फिरवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते म्हणाले, "मावशी, पत्रा नाही बसवला तर महिनाअखेर मी बेकरीला कुलूप लावतो. मग हा ब्रेडही नाही आणि तुमची रोजीही नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

पत्रेवाला म्हणाला, मावशी, घट्ट धरा, हलतोय. आणि मावशींनी मला घट्ट धरलं. पहिला रिवेट बसला, दुसरा बसला. त्या दिवशी त्यांनी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस साचे तसेच धरून दिले. दुसऱ्या दिवसापासून दहा स्लाइस म्हणजे पूर्वीचे सहासुद्धा राहिले नाहीत.

लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. चार दिवस होती.

मावशी आठव्या दिवशी कामावर आल्या. त्याहून जास्त खाडे परवडणार नव्हते. आल्या, चिंधी बोटांना गुंडाळली आणि कामाला लागल्या. दुपारी त्या आपणहून भाऊंना म्हणाल्या.

"सिस्टरनी विचारलं, खायला घालत नव्हता का तिला? मी सांगितलं, दहा स्लाइस देत होते रोज. त्यांनी तसं कागदावर लिहून घेतलं. आईचा आहार चांगला होता, असं लिहिलं."

एवढं बोलून त्यांनी मला खाली ठेवलं आणि दुसरा साचा उचलला. मला तेव्हा रडू आलं असेल तर ते तेलात मिसळून गेलं असणार.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. महागाईच्या गोष्टी इतक्या लवकर संपत नाहीत. एके दिवशी वरच्या काउंटरवरच्या एका ग्राहक बाईंचं लक्ष खालच्या फळीवर गेलं. इतके पातळ स्लाइस पाहून त्या हरखल्या. त्यांना वजन कमी करायचं होतं. त्यांच्या मैत्रिणींनाही करायचं होतं. मालकांनी तोच ब्रेड, त्याच भट्टीतला, कागदाच्या छान पिशवीत घालून वर ठेवला आणि पिशवीवर छापून घेतलं, 'हलका ब्रेड'. भाव तिप्पट. खाली ज्या ब्रेडने पोट भरत नाही म्हणून लोक कुरकुरत होते, तोच वर हातोहात खपायला लागला. बेकरी तरली. मालकांच्या कपाळावरची आठी किती वर्षांनी सैल झालेली मी पाहिली. मला त्यांचा रागही नीट करता येईना.

हलक्या ब्रेडला मागणी वाढली, तशी मालकांनी नवे छोटे साचे मागवले. आमची गरज संपली. पण आमचीही हौस असणारे लोक निघाले. जुने, भट्टीत काळे पडलेले साचे म्हणे रोपं लावून घरात शोभेला छान दिसतात. मग पत्रेवाला चौथ्यांदा आला आणि त्याने आमच्या पोटातले तिन्ही पत्रे काढून टाकले, कारण पूर्ण लांबीत कुंडी बरी दिसते.

निघायच्या दिवशी मावशींनी आम्हाला शेवटचं पुसलं. सवयीने तेलाची चिंधी आत फिरवली, आणि जिथे पत्रा लागायचा तिथे काहीच लागलं नाही. हात पुढे गेला, आणखी पुढे गेला, अगदी खऱ्या टोकापर्यंत. त्या थांबल्या. त्यांनी उघडा पंजा माझ्या त्या परत मिळालेल्या भागात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. भाऊंनी हाक मारली तेव्हा उठल्या. नवे साचे लहान आहेत, तेल लावायला वेळ कमी लागतो, म्हणून पुढच्या आठवड्यापासून त्यांची रोजी थोडी कमी होणार असल्याचं मालकांनी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं.

आता मी एका सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. माझ्या तळाला भोक पाडलंय, आत माती भरलीय आणि तिच्यात पुदिना लावलाय. ज्या बाईंनी खालच्या फळीवरचा ब्रेड पाहिला होता, त्यांचंच हे घर. बाई मायाळू आहेत. मला वेळच्या वेळी पाणी घालतात. जेवणाच्या टेबलावर त्यांचा एक छोटा वजनकाटा आहे, त्यावर त्या प्रत्येक घास तोलून खातात. दिवसाला ब्रेडचे दोनच स्लाइस, असं त्यांना कुणी तज्ज्ञाने बजावलंय, आणि तज्ज्ञाच्या पुस्तकात एक स्लाइस म्हणजे चाळीस ग्रॅम.

परवा सकाळी त्यांनी हलक्या ब्रेडचा एक स्लाइस काट्यावर ठेवला. आकड्याकडे वाकून पाहिलं, मग काटा पुसून पुन्हा ठेवून पाहिला. आणि हसत हसत नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बावीसच भरतोय. हा निम्माच आहे की. म्हणजे मी चार खाल्ले तरी चालतील."

नवरा म्हणाला, "मग खा."

हा निम्माच आहे. एवढंच वाक्य होतं, आणि बाईंना ते कळायला एका सकाळपेक्षा जास्त वेळ लागला नाही. दवाखान्याच्या त्या भिंतीसमोर हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघालं नाही. तिथे काटा होता, पण तो गरोदर बाईला तोलायचा होता. तिच्या ताटातलं तोलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

तुमच्याकडे काही मागावं तर काय मागू? ब्रेड हातात घेऊन त्याचं वजन बघत जा, असं सांगणार होतो. पण ज्यांच्या हाताला तो हलका लागतो, त्यांना आधीपासूनच माहीत असतं, आणि त्यांचं कुणी ऐकत नाही. म्हणून मागत काहीच नाही. बाई चार स्लाइस खायला बसल्या. तिसरा संपेपर्यंत त्यांचं पोट भरलं. चौथा त्यांनी कुस्करला आणि खिडकी उघडून बाहेर पाखरांना टाकला.